बॅकअप टूलचे एरर मेसेज: प्रकल्प नोंदी

टूल सी भाषेत आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरकडून रेप्लिकेशन प्रोटोकॉलवरून बेस बॅकअप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घेणे, तो टार फायलींत (अनेक फायली एकत्र बांधलेल्या) ठेवणे, मॅनिफेस्टशी (बॅकअपमधल्या फायलींच्या यादीशी) ताडणे, इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग असलेले) बॅकअप जोडून पूर्ण डिरेक्टरी बनवणे आणि रिकव्हरीच्या वेळी वॉल फायली (डेटाबेसमधल्या बदलांची क्रमवार नोंद) पुरवणे ही त्याची कामे. संदेश मराठीत आहेत. या टप्प्यात नवे फीचर नाही. आहे तो प्रत्येक एरर मेसेज खरे बोलतो का, एवढेच पाहायचे. नोंदींत नावे आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. टूल मात्र पाथ डिस्कवर असेल तसाच छापते आणि आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत छापते, कारण लोक तोच तुकडा उचलून लॉगमध्ये शोधतात.

३ फेब्रुवारी

सुरुवात यादीने. कोडमध्ये जिथे जिथे एरर छापणारे फंक्शन बोलावले आहे त्या सगळ्या ओळी एका तक्त्यात काढल्या. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने: लगेच वर कोणता सिस्टिम कॉल किंवा लायब्ररी कॉल झाला, तो फसला की काय परत देतो, आणि आपला संदेश काय म्हणतो.

नुसता तक्ता भरतानाच बरेच काही उघडे पडले. एफसिंक (लिहिलेले खरोखर डिस्कवर उतरवणारा कॉल) फसल्यावर “फाइल लिहिता आली नाही”. डिरेक्टरी उघडताना फसले तरी “फाइल उघडता आली नाही”. एका ठिकाणी तात्पुरत्या फाइलीचे नाव बदलताना चूक झाली, आणि संदेशात मूळ मॅनिफेस्टचे नाव छापले. वरचा ब्लॉक कॉपी करून खाली चिकटवला, कॉल बदलला, संदेश बदलायचा राहिला. कंपायलरला यात काही वावगे दिसत नाही, टेस्टही हिरव्या राहतात, कारण चूक होण्याच्या वाटेने टेस्ट जातच नाहीत.

ठरले: संदेश त्या ओळीला जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलेल. रीड कॉलने कमी बाइट दिले एवढेच ठाऊक असेल, तर “फाइल खराब आहे” हे सांगायचा त्या ओळीला अधिकार नाही. तो निष्कर्ष झाला, आणि तो चुकला की रिस्टोअर करणारा माणूस चांगला बॅकअप टाकून जुना उचलतो.

५ फेब्रुवारी

आजचा पूर्ण दिवस एका संदेशावर गेला, आणि तो जायलाच हवा होता:

“फाइल वाचता आली नाही: “पीजी_कंट्रोल”: सक्सेस”

वाचता आली नाही, आणि कारण काय, तर सक्सेस. हे असे होते. रीड कॉल फसला की उणे १ देतो आणि एररनो (चुकीचा क्रमांक ठेवणारे व्हेरिएबल) भरतो. पण मागितलेल्यापेक्षा कमी बाइट मिळाले तर ते सिस्टिमच्या लेखी अपयश नाही. तेव्हा एररनोला कोणी हात लावत नाही. कोडमध्ये मात्र “मिळालेले बाइट अपेक्षित बाइटांइतके नाहीत” अशी एकच अट होती आणि तिच्याखाली एररनोचा मजकूर छापला जात होता. एररनो शून्य असेल तर जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) “सक्सेस” देते. त्याहून वाईट म्हणजे त्यात आधीच्या एखाद्या कॉलचा शिळा आकडा पडलेला असेल तर “परमिशन डिनाइड” असे काहीतरी विश्वासार्ह दिसणारे छापले जाते, आणि माणूस तासभर परवानग्या तपासत बसतो.

दुरुस्ती म्हणजे दोन फांद्या. उणे आले तर:

“फाइल वाचता आली नाही: “पीजी_कंट्रोल”: (सिस्टिमने दिलेले कारण)”

कमी आले तर:

“फाइल पूर्ण वाचता आली नाही: “पीजी_कंट्रोल”: ८१९२ पैकी ४०९६ बाइट मिळाले”

दुसऱ्या संदेशात कारण नाही, आणि नसणेच बरोबर आहे. पीजी_कंट्रोल (डेटाबेसची स्थिती नोंदवणारी छोटी फाइल) ८१९२ बाइटांची असते. त्यातले ४०९६ मिळाले हे वाचणाऱ्याला लगेच दिशा देते: फाइल कॉपी होताना तुटली असावी. ते अनुमान त्याने करावे, त्याच्यापाशी संदर्भ आहे.

बाइट कमी येणे सगळीकडे चूकच असते असेही नाही. पाइपवरून वाचताना ते रोजचेच, तिथे लूप लावून उरलेले मागायचे. सर्व्हर स्वतः बेस बॅकअप पाठवत असताना एखाद्या टेबलाची फाइल मध्येच आखूड झाली तर तो उरलेली जागा शून्यांनी भरून पाठवतो, कारण पुढे वॉल लागू झाल्यावर ते आपोआप सरळ होते. आपण इन्क्रिमेंटल जोडताना तीच गोष्ट घडली तर मात्र ती खरी चूक आहे, कारण बॅकअपमधली फाइल आता कोणी बदलत नसते. म्हणून “पूर्ण वाच” असे एकच हेल्पर फंक्शन करून सगळीकडे बसवण्याचा विचार सोडला. कॉल करणाऱ्याने अपेक्षा सांगायची, संदेशही त्याचाच.

६ फेब्रुवारी

एररनो मध्येच पुसला जाण्याच्या जागा शोधल्या. ठरावीक नमुना: राइट फसला, मग क्लीनअप म्हणून क्लोज आणि अनलिंक (फाइल काढून टाकणे), आणि त्यानंतर संदेश. त्या दोघांपैकी एखादा कॉलही फसला तर छापले जाते ते त्याचे कारण. उपाय: कॉल फसला की पहिल्या ओळीत एररनो स्थानिक व्हेरिएबलमध्ये जपायचा आणि संदेशाच्या आधी परत ठेवायचा. शक्य असेल तिथे संदेश आधी, साफसफाई नंतर. लॉग छापणारे आपलेच फंक्शन वेळ काढण्यासाठी इतर कॉल करते, म्हणून त्यालाही आत शिरताक्षणी एररनो जपायला लावले.

१० फेब्रुवारी

राइटची बाजू. रीडसारखेच इथेही: कमी बाइट लिहिले गेले तर एररनो भरलेला नसतो. पोस्टग्रेसच्या कोडमध्ये यावर ठरलेला उपाय आहे. कॉलच्या आधी एररनो शून्य करायचा, आणि कमी बाइट लिहूनही तो शून्यच राहिला तर डिस्क भरली असे धरून त्यात ईनोस्पीसी (जागा संपल्याचा क्रमांक) टाकायचा. बहुतेक वेळा अंदाज खरा ठरतो.

आपले अंदाजाशिवायही भागते. उरलेले बाइट पुन्हा लिहायचा प्रयत्न करायचा. खरोखर जागा संपली असेल तर दुसऱ्या फेरीत कर्नल उणे १ देऊन खरे कारण स्वतः सांगतो. याचा फायदा कोट्याच्या बाबतीत दिसतो: डिस्कवर भरपूर जागा असते, पण त्या युजरचा कोटा संपलेला असतो आणि कारण ईडीक्वोट येते. “डिस्क भरली” छापले असते तर माणसाने डीएफ चालवून जागा पाहिली असती आणि टूल खोटे बोलते असे धरले असते.

नवा संदेश:

“फाइल पूर्ण लिहिता आली नाही: “बेस.टार”: बाइट स्थान २१४७४८३६४८ पासून ६५५३६ पैकी ८१९२ बाइट लिहिले गेले: (सिस्टिमने दिलेले कारण)”

इथेच आणखी एक सापडले. बाइट स्थान छापताना फॉरमॅट साध्या इंटचा होता. २ जीबी गाठताच आकडा ऋण होई. साइझसाठी आणि फाइलमधल्या स्थानासाठी आता सगळीकडे ६४ बिटांचा फॉरमॅट.

नवी फाइल तयार करतानाच ईनोस्पीसी आले तर जागा नव्हे, आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी फाइलसिस्टिममधली नोंद) संपलेले असू शकतात. साध्या डिरेक्टरी स्वरूपाच्या बॅकअपमध्ये छोट्या फायली हजारोंनी असतात, तेव्हा हे होते. मुख्य संदेश तोच ठेवला, खाली एक सूचना जोडली: “जागा शिल्लक दिसत असेल तर आयनोड तपासा: डीएफ -आय.” ही सूचना फक्त फाइल तयार करण्याच्या ओळीवर. राइटच्या ओळीवर ती दिशाभूल ठरली असती.

११ फेब्रुवारी

क्लोजची रिटर्न व्हॅल्यू टाकून देणाऱ्या जागा बंद केल्या. एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) राइट निमूट होकार देतो आणि जागा नाही हे क्लोज किंवा एफसिंकच्या वेळी कळते. तिथे “फाइल बंद करता आली नाही” असेच म्हणायचे. ऐकायला विचित्र वाटले तरी घडलेले तेच आहे.

एफसिंक फसल्यावरचा जुना संदेश “पुन्हा प्रयत्न करा” असे सुचवत होता. हा सल्ला घातक आहे. लिनक्सवर काही फाइलसिस्टिम एफसिंक फसल्यावर ती पाने (मेमरीत थांबलेला डेटा) स्वच्छ झाल्याची खूण करून मोकळ्या होतात. मग दुसरा एफसिंक यशस्वी होतो, आणि डेटा डिस्कवर पोचलेलाच नसतो. २०१८ साली पोस्टग्रेसच्या विकसकांमध्ये यावर मोठी चर्चा झाली, आणि फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून सर्व्हर डेटा फाइलीचा एफसिंक फसताच पॅनिक करून थांबतो. डेटा_सिंक_रिट्राय हे सेटिंग चालू केले तरच तो पुन्हा प्रयत्न करतो. आपल्या टूलने पॅनिक करायचे कारण नाही, पण सूचना बदलली: “ही फाइल डिस्कवर पोचली असे धरू नका. बॅकअप नव्याने घ्या.”

१४ फेब्रुवारी

आज भाषा. पोस्टग्रेसच्या संदेशशैलीत “कुड नॉट” आणि “कॅनॉट” यांत फरक केला आहे: पहिला प्रयत्न फसला तेव्हा, दुसरा ती गोष्ट मुळात करण्याजोगीच नाही तेव्हा. मराठीत हा फरक क्रियापदातच बसलेला आहे, वापरायचाच आहे.

“फाइल उघडता आली नाही” म्हणजे आत्ता प्रयत्न केला, जमले नाही. कारण दूर झाले तर जमेल.

“इन्क्रिमेंटल बॅकअप घेता येत नाही: सर्व्हरवर समराइझ_वॉल बंद आहे” म्हणजे सेटिंग बदलल्याशिवाय शंभर वेळा चालवले तरी हेच.

जुन्या संदेशांत दोन्हींची सरमिसळ होती. शिवाय “फाइल उघडली नाही” असेही एक रूप होते, आणि ते सर्वांत घोटाळ्याचे. टूलने उघडायचे टाळले की उघडायला गेले आणि जमले नाही, काहीच कळत नाही. हे रूप बाद.

“बॅकअप अयशस्वी” बाद. “अवैध फाइल” बाद. “अज्ञात त्रुटी” बाद. अवैध म्हणायचेच असेल तर काय सापडले आणि काय चालले असते हे दोन्ही हवे. वॉल सेगमेंटच्या (वॉलच्या एका फाइलीच्या) आकाराचा संदेश आता असा: “वॉल सेगमेंटचा आकार २०००००० बाइट आढळला, तो १ एमबी ते १ जीबी दरम्यानचा दोनचा घात हवा”. फंक्शनची नावे संदेशात नकोत. ती हवी असतील तर व्हर्बोज लॉगमध्ये.

१५ फेब्रुवारी

संदेश तुकडे जोडून बनवणे थांबवले. “%एस उघडता आली नाही” या साच्यात फाइल, डिरेक्टरी, फोल्डर, टेबल असा शब्द भरला जात होता. इंग्रजीत हे खपते. मराठीत फाइल उघडता आली, फोल्डर उघडता आला, टेबल उघडता आले. लिंग चुकले की वाक्य परके वाटते, आणि परक्या वाटणाऱ्या वाक्यावर माणूस भरवसा ठेवत नाही. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र पूर्ण वाक्य दिले. ओळी वाढल्या, वाढू देत. पूर्ण वाक्य कोडमध्ये शोधताही येते. जोडून बनवलेले शोधायला गेले तर हाती काही लागत नाही.

विभक्ती प्रत्ययांचा त्रास याहून बारीक. ““बेस.टार”मध्ये” असे लिहिले की टर्मिनलवर डबल क्लिकने नाव उचलताना कधीकधी प्रत्ययही सोबत येतो, आणि पाथच्या शेवटी “मध्ये” चिकटतो. म्हणून प्रत्यय नेहमी सामान्य नामाला लावायचा आणि पाथ अवतरणात सुटा ठेवायचा: “टार फाइलमध्ये शेवटची खूण सापडली नाही: “बेस.टार””.

क्रमवाचकांचेही तसेच. “%एलएलयू व्या बाइटपासून” हे ५ पासून पुढे ठीक, पण १, २, ३, ४ ला पहिला, दुसरा, तिसरा, चौथा लागतात. त्यासाठी कोड लिहिण्यापेक्षा “बाइट स्थान %एलएलयू” आणि “ब्लॉक %यू”. अनेकवचनासाठी गेटटेक्स्टमध्ये (संदेशांच्या भाषांतराच्या लायब्ररीत) मराठीचा नियम साधा आहे: १ ला एकवचन, बाकी सगळ्याला, शून्यालाही, अनेकवचन. “१ फाइल जुळली नाही”, “३ फायली जुळल्या नाहीत”. क्रियापदही बदलते, म्हणून पूर्ण वाक्याच्या दोन प्रती, “फाइल/फायली” अशी तडजोड नाही.

१९ फेब्रुवारी

कॉम्प्रेशन. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीची गोष्ट दोन पदरी आहे. जीझेडएरर या तिच्या फंक्शनला विचारल्यावर झेड_एररनो आले तर खरे कारण एररनोत बघायचे. दुसरे काही आले तर झेडलिबचाच मजकूर घ्यायचा. एलझेड४ आणि झेडस्टँडर्ड या दुसऱ्या दोन लायब्ररींच्या एररचा एररनोशी संबंधच नाही. एररकोडचे नाव त्यांच्याच फंक्शनकडून मागायचे. जुन्या कोडमध्ये तिन्ही ठिकाणी एररनो छापला जात होता, म्हणजे एलझेड४ चा डेटा तुटला की पुन्हा तेच “सक्सेस”. एक छोटे फंक्शन लिहिले जे कोणत्या लायब्ररीने नकार दिला ते पाहून मजकूर निवडते, आणि संदेशात लायब्ररीचे नावही येते.

लिबपीक्यूचा (सर्व्हरशी बोलणाऱ्या लायब्ररीचा) मजकूर ओळबदलाने संपतो. तो छाटला. त्याच्या आधी “सर्व्हर कनेक्शनकडून:” हे शब्द जोडले. वाक्य टूलचे आहे की पलीकडून आले आहे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, कारण लॉग कोणत्या मशीनवर पाहायचा हे त्यावर ठरते. पलीकडून आलेल्या मजकुराचे भाषांतर करायचे नाही, तो सर्व्हरच्या लॉगमध्ये अक्षरशः शोधता आला पाहिजे.

कनेक्शन स्ट्रिंग संदेशात छापायच्या आधी पासवर्ड गाळायचा. दोन जागी राहून गेला होता.

२४ फेब्रुवारी

आकडे कोणत्या पायात छापायचे यावर आज निर्णय. वॉल फाइलीचे नाव २४ षोडशमान अंकांचे असते, पहिले ८ टाइमलाइनचे (रिकव्हरीनंतर सुरू होणाऱ्या इतिहासाच्या नव्या शाखेचा क्रमांक). संदेशात टाइमलाइन दशमान पद्धतीने छापली जात होती. ९ पर्यंत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हे कधी कोणाला खुपले नाही. टाइमलाइन १० झाली की फाइलीचे नाव “०००००००ए” ने सुरू होते. संदेशात १० वाचून माणूस “००००००१०” ने सुरू होणारी फाइल शोधतो, आणि ती तर टाइमलाइन १६ ची. सापडत नाही, किंवा सापडली तर भलतीच.

टाइमलाइनचा आकडा दशमानच ठेवला, कारण सर्व्हर आपल्या संदेशांत तसाच छापतो. पण जिथे फाइलीशी संबंध आहे तिथे फाइलीचे पूर्ण नावही छापायचे: “टाइमलाइन १० वरील वॉल फाइल सापडली नाही: “०००००००ए०००००००१०००००००३””. एलएसएन (वॉलमधले स्थान) सर्व्हर छापतो त्याच रूपात, दोन षोडशमान भाग आणि मध्ये तिरकी रेघ. आपण मध्येच एकसंध आकडा छापत होतो. दोन लॉग शेजारी ठेवून जुळवणे कठीण झाले होते.

ब्लॉक नंबरचेही असेच. मोठ्या टेबलाची फाइल १ जीबीला तुटते, म्हणजे ८१९२ बाइटांच्या १३१०७२ ब्लॉकनंतर “.१” ही पुढची फाइल सुरू. “ब्लॉक १३१०७५” म्हटले तर तो टेबलातला, “.१” फाइलीत तोच ब्लॉक ३ असतो. संदेशात फाइलीचे नाव असेल तर फाइलीतला क्रमांक, आणि शब्दही तसाच: “फाइलीतील ब्लॉक ३”.

२७ फेब्रुवारी

मॅनिफेस्ट ताडणी. पोस्टग्रेस १३ पासून बेस बॅकअपसोबत मॅनिफेस्ट येते. त्यात प्रत्येक फाइलीचे नाव, आकार, बदलाची वेळ आणि चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा) असतो. वेगळे न सांगितल्यास चेकसम सीआरसी-३२सी. जुना कोड कुठल्याही फरकाला “बॅकअप खराब” म्हणत होता. आता चार वेगळी वाक्ये:

“फाइल मॅनिफेस्टमध्ये आहे, डिस्कवर नाही: …”
“फाइल डिस्कवर आहे, मॅनिफेस्टमध्ये नाही: …”
“फाइलीचा आकार जुळत नाही: …: डिस्कवर १६३८४ बाइट, मॅनिफेस्टमध्ये २४५७६ बाइट”
“फाइलीचा चेकसम जुळत नाही: …”

पहिल्या वाक्यात एक खाच आहे. “डिस्कवर नाही” असे म्हणायचा हक्क फक्त ईनोएंट (“अशी फाइल नाही”) आल्यावर. वरच्या डिरेक्टरीत शिरायचीच परवानगी नसेल तर स्टॅट कॉल ईअ‍ॅक्सेस देतो. फाइल आहे की नाही हे तेव्हा ठाऊकच नसते. जुन्या कोडमध्ये स्टॅट फसला की सरळ “फाइल नाही”. तिथे आता “फाइलीची माहिती मिळवता आली नाही” आणि सिस्टिमचे कारण.

पहिल्या फरकावर न थांबता सगळे छापायचे. एक फाइल गेली असणे आणि अख्खी टेबलस्पेस (टेबलांच्या फायलींची वेगळी डिरेक्टरी) गेली असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो पूर्ण यादीतूनच दिसतो. चेकसम काढण्याआधी आकार ताडायचा. आकारच जुळला नाही तर चेकसम न काढता पुढे जायचे, एका फाइलीबद्दल दोन तक्रारी नकोत. पीजी_वॉल डिरेक्टरी, पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ, स्टँडबाय.सिग्नल, रिकव्हरी.सिग्नल आणि मॅनिफेस्ट स्वतः यांना ताडणीतून वगळले, पोस्टग्रेसचे पीजी_व्हेरिफायबॅकअप वगळते तसेच.

इन्क्रिमेंटल जोडताना क्रम चुकणे ही नेहमीची चूक: जुन्यापासून नव्याकडे द्यायचे असतात. तिथे “चुकीचा क्रम” न म्हणता, “बॅकअप एलएसएन ०/५०००१२८ पासून सुरू होतो, पण साखळीत इथे ०/४०००१०० हवा होता: “…””. क्रम चुकला आहे की मधला एक बॅकअप गळला आहे, हे टूलला ठाऊक नाही. दोन एलएसएन समोर असले की माणूस ते ओळखू शकतो.

४ मार्च

रिकव्हरीत वॉल पुरवणारी आज्ञा, म्हणजे सर्व्हरच्या रिस्टोअर_कमांड या सेटिंगमध्ये बसते ती. या टप्प्यातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच ठरले.

सर्व्हर रिकव्हरी करताना अस्तित्वातच नसलेल्या फायलीही मागतो: पुढच्या टाइमलाइनची हिस्टरी फाइल, शेवटच्या सेगमेंटनंतरचा सेगमेंट. “नाही” हे तिथे नेहमीचे उत्तर आहे. आपले टूल मात्र दर वेळी “त्रुटी: फाइल सापडली नाही” छापत होते, आणि सुरळीत चाललेली रिकव्हरी पाहून लोक घाबरत होते. पातळी माहितीवर आणली, मजकूर बदलला: “अर्काइव्हमध्ये नाही: “०००००००२.हिस्टरी””.

उलटी बाजू जास्त गंभीर. अर्काइव्हच्या (जुन्या वॉल फायली जिथे साठतात त्या) मशीनपर्यंत पोचताच आले नाही तेव्हाही टूल एक्झिट कोड १ देत होते, म्हणजे “फाइल नाही” तेव्हाचाच. सर्व्हरने त्याचा अर्थ “वॉल इथेच संपले” असा घेतला, की तो रिकव्हरी आटोपून वापरासाठी उघडतो. नेटवर्क दोन मिनिटे तुटले म्हणून पुढचा सगळा डेटा गाळून डेटाबेस उभा राहतो, आणि सर्व्हर स्वतः लॉगमध्ये तक्रारीचा एक शब्दही लिहीत नाही. रिकव्हरीचे लक्ष्य दिलेले असेल तर पोस्टग्रेस १३ पासून लक्ष्याआधी वॉल संपल्यास सर्व्हर थांबतो. लक्ष्य न देता शेवटपर्यंत जायचे असेल तर तो आधार नाही.

म्हणून दोन उत्तरे पूर्ण वेगळी केली. अर्काइव्हने स्वतः “नाही” म्हटले तरच कोड १. बाकी काहीही, म्हणजे कनेक्शन तुटणे, परवानगी नसणे, वाचताना ईआयओ (वाचन-लेखनाची चूक) येणे, यांना १२५ पेक्षा मोठा कोड. त्यावर सर्व्हर रिकव्हरी तिथेच सोडून देतो. संदेश: “अर्काइव्हमध्ये फाइल आहे की नाही ते कळू शकले नाही: …”. वाक्य लांब आहे. पण खरी परिस्थिती हीच आहे आणि “सापडली नाही” या दोन शब्दांत ती मावत नाही.

५ मार्च

छोट्या गोष्टी. नाव बदलण्याच्या संदेशात आता दोन्ही पाथ: ईनोएंट मूळ फाइल नसल्याने येतो तसा नव्या जागेची डिरेक्टरी नसल्यानेही येतो. सर्व्हरने “मागितलेला वॉल सेगमेंट आधीच काढून टाकला आहे” असे कळवले तर खाली सूचना: रेप्लिकेशन स्लॉट (लागणारे वॉल राखून ठेवणारी सर्व्हरवरची नोंद) वापरा किंवा वॉल_कीप_साइझ वाढवा. हे सेटिंग १३ पासूनचे; त्याआधीच्या सर्व्हरला वॉल_कीप_सेगमेंट्स हे नाव सांगायचे, म्हणून सूचना सर्व्हरची आवृत्ती पाहून निवडली जाते.

१० मार्च

संदेश खरे आहेत का हे चुका घडवूनच कळते. टेस्टसाठी ठरलेल्या युक्त्या:

जागा संपणे: १ एमबीचा टीएमपीएफएस (मेमरीतली फाइलसिस्टिम) माउंट करून त्यात बॅकअप. राइटचा नकार झटपट हवा असेल तर /डेव्ह/फुल. त्यात लिहिले की ईनोस्पीसी ठरलेले.

आखूड फाइल: ट्रंकेट आज्ञेने शेवटचे काही बाइट उडवायचे. चेकसमसाठी डीडी आणि कॉन्व्ह=नोट्रंक वापरून मधला एकच बाइट बदलायचा, म्हणजे आकार तोच राहतो. बदलायचा बाइट आधीच त्याच किमतीचा नाही ना, हे पाहून घ्यायचे.

परवानगी: सीएचमॉड ०००. रूट म्हणून टेस्ट चालवल्या तर हे लागूच पडत नाही आणि टेस्ट चुकून हिरवी दिसते. रूट असल्यास ती टेस्ट वगळल्याची नोंद छापायची.

एफसिंक आणि क्लोज: एसट्रेसला (सिस्टिम कॉल टिपणाऱ्या साधनाला) इंजेक्ट हा पर्याय देऊन हव्या त्या वेळच्या कॉलला हवा तो एररनो. ६ फेब्रुवारीची एररनो जपणारी दुरुस्तीही यानेच तपासली: राइटला ईनोस्पीसी आणि लगेच पुढच्या अनलिंकला ईअ‍ॅक्सेस. संदेशात पहिला आला पाहिजे.

टेस्टमध्ये संदेशाचा संपूर्ण मजकूर ताडायचा, फक्त एक्झिट कोड नाही. सिस्टिमचे कारण लोकेलप्रमाणे बदलते, म्हणून टेस्टच्या वेळी तेवढा भाग वेगळा काढून एररनोच्या आकड्याशी जुळवला.

या टेस्ट लावल्यावर तक्त्यात “बरोबर” अशी खूण केलेल्या दोन ओळी चुकीच्या निघाल्या. दोन्हींत टार फाइलीच्या आतल्या फाइलीचे नाव छापले जात होते आणि टारचे नावच नव्हते. अनेक टेबलस्पेस असतील तर टार फायलीही अनेक असतात. दोन्ही नावे आणि टारमधले बाइट स्थान जोडले.

१२ मार्च

उरलेले: झेडस्टँडर्डच्या समांतर थ्रेडमधून येणाऱ्या चुकांत बाइट स्थान अजून मिळत नाही, तिथे संदेशात स्थान छापलेलेच नाही. सिम्बॉलिक लिंकचे लक्ष्य टारच्या १०० बाइटांच्या रकान्यात मावले नाही तर लिंक आणि लक्ष्य दोन्ही छापायचे आहेत, सध्या फक्त लिंक येते. तक्त्यात या दोन्ही ओळी उघड्या ठेवल्या आहेत.